स्किड स्टिअर लोडर: एक गाळप हंगाम आणि उन्हाळा वापरल्यावर, मुख्यतः ग्रीसिंगबद्दल

स्किड स्टिअर म्हणजे जागेवरच वळणारा, पुढे बकेट असलेला छोटा लोडर. वापर सोलापूर जिल्ह्यातलाच. हंगामात साखर कारखान्याच्या यार्डात बगॅस (उसाचा चोथा) ओढणे, एरवी मुरूम-खडी. ताकद आणि अरुंद जागेत वळण्याबद्दल तक्रार नाही. पण 'रविवारी मारू ग्रीस' म्हणणाऱ्याने ही मशीन घेऊ नये, पिना-बुश (सांध्यांतल्या खिळी आणि त्यांभोवतीच्या नळ्या) खाऊन टाकते.

पुस्तकात 8 ते 10 तासांनी ग्रीस सांगितलंय, म्हणजे रोज. तेही सकाळी नको, संध्याकाळी काम सुटल्यावर. पिना गरम असतात, ग्रीस सहज शिरतं आणि दिवसभराची धूळ बाहेर ढकलली जाते. ग्रीस लिथियम ईपी (जास्त दाब सहन करणारं), एनएलजीआय 2 (हा घट्टपणाचा नंबर). स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्या जातीचं भरू नका. न जुळणारी दोन ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन गळतात. रंग बघून जात ओळखता येत नाही, डब्यावरचं वाचा.

बकेट जमिनीवर सपाट टेकवा, आर्म पूर्ण खाली, इंजिन बंद. आधी निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) फडक्याने पुसा, नाहीतर गन पहिल्या दाबाला मातीच आत सारते. लिफ्ट सिलिंडरची (आर्म उचलणारा) दोन्ही टोकं, टिल्ट सिलिंडरची (बकेट झुकवणारा) दोन्ही टोकं, आर्मचे मागचे पिव्हट (फिरते सांधे) आणि बकेटच्या कपलरचे (बकेट अडकवायची चौकट) पिव्हट, दोन्ही बाजूंना. साध्या हातगनचा एक दाब म्हणजे साधारण 1 ग्रॅम. रोज मारत असाल तर दोन-चार दाबांत कडेने ताजं ग्रीस दिसतं. टिल्ट सिलिंडरच्या खालच्या निप्पलला सरळ नळी पोचत नाही, लवचिक होजची गन घ्या. निप्पल द्यायची जागा कंपनीने जरा माणसाचा हात बघून ठरवायला हवी होती.

निप्पल ग्रीस घेतच नसेल तर जोर लावत बसू नका. आर्म थोडा हलवून पिनेवरचा भार बदला, परत मारून बघा. तरीही नाही, तर निप्पल काढा. ते बुजलेलं निघालं तर नवीन बसवायचं. बुशचं भोक सुकलेल्या ग्रीसने बुजलं असेल तर तारेने मोकळं करायचं. असं बुजलेलं निप्पल तसंच सोडलं की पिन कोरडी फिरते, बुश अंडाकृती होतो आणि बकेट डावी-उजवीकडे खुळखुळायला लागते.

सगळ्यात दुर्लक्षित जागा कपलरची. खालच्या दोन वेजभोवती (बकेट अडकवून धरणाऱ्या खुंट्या) बगॅस-माती दाबून बसते, लिव्हर पूर्ण बसल्यासारखा वाटतो, पण वेज बकेटच्या भोकातून बाहेर आलेला नसतो. मग बकेट सुटते. बकेट बदलली की खाली वाकून दोन्ही वेज डोळ्यांनी बघा.

एअर फिल्टरचं बाहेरचं एलिमेंट आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने झाडा. आतलं सेफ्टी एलिमेंट झाडायचं नाही, बदलायचं. रेडिएटरला आधी कोरडी हवा, मग हवं तर पाणी. बगॅसच्या भुकटीवर थेट पाणी मारलं की जाळीत लगदा बसतो आणि मे महिन्यात दुपारी टेम्परेचरचा काटा वर जातो.

चेनकेसचं (चाकांच्या चेनची बंद पेटी) ऑइल बहुतेकांना माहीतच नसतं. लेव्हल प्लगमधून बघा, दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. पुढे-मागे करताना खटका बसत असेल तर चेन ढिली आहे. टायरचाही संबंध इथेच येतो: एका बाजूची दोन्ही चाकं चेनने एकाच मोटरला जोडलेली असतात. एक नवीन आणि एक झिजलेला टायर त्याच बाजूला लावला तर दोघांचा घेर वेगळा, आणि ती ओढाताण चेनवर येते. नवीन टायर घ्यायचे तर बाजूची जोडीच घ्या.