हिरड्यांसाठी क्लोरहेक्सिडिन माउथवॉश: काही महिन्यांनंतरचा अनुभव

डीप क्लिनिंग, म्हणजे हिरडीखालचं कीटण डॉक्टरांकडून खरवडून घेणं, ते न करता नुसत्या चुळा भरून हिरड्या बऱ्या करायच्या असतील, तर ही बाटली घेऊच नका. क्लिनिंगच्या जोडीला घेणार असाल तर मात्र पैसे वसूल.

ब्रश करताना रक्त यायचं म्हणून टिळकवाडीतल्या डॉक्टर बाईंकडे गेले. बारीक खुणांची सळई दात आणि हिरडी यांमधल्या फटीत सरकवून त्यांनी एकेका दातापाशी फटीची खोली मोजली. निरोगी हिरडीत ती ३ मिलिमीटरपर्यंत जाते. माझ्या मागच्या दाढांपाशी ६ पर्यंत गेली. मग भूल देऊन मुळावरचं कीटण खरवडलं आणि ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन लिहून दिलं. १० मिली, पाणी न घालता, सकाळ-रात्र मिनिटभर तोंडात खेळवायचं, तेही दोनच आठवडे. खडे बाजारात मेडिकलवाला भलतंच निळं, पुदिन्याच्या वासाचं पुढे करत होता, तेव्हा नाव नाही, बाटलीवरचा घटक वाचा.

खरवडल्यावर ब्रश टेकवला तरी कळ यायची, त्या दिवसांत याचा खरा उपयोग झाला. दातांवर नवा थर साचला नाही, तोंडाचा वासही गेला. पण हे पाणी हिरडीतल्या खोल फटीच्या तळाशी पोचत नाही आणि घट्ट झालेलं कीटण त्याने विरघळत नाही. निपाणीच्या आमच्या आत्या मिश्री लावून वरून याच चुळा भरतात आणि गुण येत नाही म्हणून औषधाला नावं ठेवतात!

आता त्रासाचं. मिठाची चवच गेली. मला अळणी लागते म्हणून आमटीत मीठ वाढवत गेले, ह्यांनी दुसऱ्या घासाला ताट सरकवलं. चहा सोडवेना, त्यामुळे खालच्या दातांना आतून तपकिरी रेघा आल्या, जीभही काळपट झाली. चव आपोआप परतली. डाग मात्र पॉलिश करूनच निघाले. पेस्टमधल्या फेसाने औषधाचा जोर जातो, म्हणून ब्रश आणि चूळ यांत अर्धा तास तरी सोडा.

परवा पुन्हा मापं घेतली. बहुतेक ठिकाणी ४ च्या आत आहे, रक्त थांबलंय. श्रेय खरवडण्याला जास्त, आणि आता रोज रात्री दोन दातांमध्ये घालते त्या छोट्या ब्रशला. एक दाढ अजून ५ वर अडून बसलीय. तिथे परत खरवडायचं ठरलंय, तेव्हा पुन्हा दोन आठवड्यांपुरती बाटली आणीन. पाचपैकी साडेतीन तारे.