क्रीट की सँटोरिनी?

ग्रीसमध्ये एकच बेट करायचं असेल, तर माझं मत क्रीटला. सँटोरिनी देखणं आहे, वादच नाही. पण इया गावात सूर्यास्ताला एवढी झुंबड उडते की सूर्यापेक्षा पुढच्याचा मोबाइलच जास्त दिसतो. तिथल्या पेरिसा किनाऱ्याची काळी वाळू ज्वालामुखीची. दुपारी अनवाणी चाललात तर तळपाय भाजलेच म्हणून समजा.

अवशेषांत मात्र सँटोरिनी भाव खाऊन जातं. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं अक्रोतिरी हे प्राचीन नगर आता छपराखाली आहे, त्यामुळे भर उन्हातही निवांत बघता येतं : दुमजली-तिमजली घरं, भूकंपाने दुभंगलेले जिने, जागच्या जागी उभे रांजण. क्रीटचं क्नोसॉस, म्हणजे तिथला प्राचीन राजवाडा, अवाढव्य, पण ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी १९०० पासून उत्खनन करता करता काँक्रीट वापरून बरंच काही नव्याने उभारलं. ते लाल खांब फोटोत झकास दिसतात, पण जुनं कुठलं नि नवं कुठलं याचा पत्ता लागत नाही. खऱ्या वस्तू क्रीटमधल्याच हेराक्लिऑन शहराच्या संग्रहालयात आहेत. तिथे अर्धा दिवस द्याच.

आणि क्रीटच्या एलाफोनिसी किनाऱ्याची गुलाबी झाक असलेली वाळू, समारियाची १६ किलोमीटरची घळ? ती सोडून कसं चालेल? क्रीट तब्बल २६० किलोमीटर लांब, तेव्हा गाडी भाड्याने घ्यावीच लागेल. सँटोरिनीला मोसमात हेराक्लिऑनहून जलद बोटीने जाता येतं. एक रात्र पुरे.