गाणी स्वच्छ वाजत होती, तरी मी स्पीकर बदलले

गाडीच्या स्पीकरपायी साडेअकरा हजार गेले. त्यातले दोन हजार यूपीआयने, बाकीचे रोख, आणि बिल म्हणून हातात आलं ते दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड, मागे पेनाने आकडा लिहिलेलं. 'जीएसटी वाचेल की काका' असं दुकानदार म्हणाला आणि मला ते पटलं. 'बिल का नाही घेतलं' हे घरी सगळ्यांनी विचारून झालंय, त्यामुळे तेवढं सोडून बोलू.

इलेक्ट्रिक गाडी घेऊन चार महिने झाले होते. गाडीबद्दल तक्रार नव्हती, तक्रार होती फोनवरच्या नकाशातून रस्ता सांगणाऱ्या बाईची. 'इन टू हंड्रेड मीटर्स, कीप लेफ्ट' यातलं माझ्यापर्यंत 'ड्रेड मीटर्स, की ले' एवढंच पोचायचं, तेही नाक दाबून बोलल्यासारखं. एरवी निभलं असतं. पण मी पुण्यात हडपसरचा, मुलगी बावधनला, आणि मध्ये चांदणी चौक. 2023 मध्ये तिथला नवा पूल खुला झाल्यापासून इतके रॅम्प फुटलेत की एक शब्द हुकला तर संपलं. दोनदा मी बाणेरपर्यंत जाऊन परत फिरलो.

म्हणून ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. मालकाने दाराच्या जाळीला कान लावला, बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, नाडी बघितल्यासारखी मान हलवली. "काका, ईव्हीमध्ये हे होतंच. मोटरचा करंट स्पीकरच्या वायरीत शिरतो. कॉइल भाजल्यात. आज नाही केलं तर उद्या स्क्रीनचा बोर्ड जाईल, तो साठ हजाराला."

यात खरं अजिबात नाही असंही नाही, म्हणून तर माणूस फसतो. बॅटरीची वीज बदलून मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरमुळे एएम रेडिओत खरखर येते, काही कंपन्यांनी त्यापायी इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम काढूनच टाकलं. पण माझा आवाज एएमवरून येत नव्हता, ब्लूटूथवरून येत होता. आणि तो हे सांगत असताना त्याच स्पीकरवर भजन लागलेलं होतं, टाळ न् टाळ वेगळा ऐकू येत होता. मी विचारलंही, "मग गाणं कसं नीट वाजतंय?"

"गाण्यात बेस असतो ना, त्यात दोष झाकला जातो."

मी मान डोलावली. चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस मी, आणि मान डोलावली.

तीन तास काम चाललं. पुढच्या दोन्ही दारांचे स्पीकर बदलले आणि डॅशबोर्डखाली काडेपेटीएवढी काळी डबी बसवली, 'ईव्ही नॉइज फिल्टर'. घरी जाताना आवाज तसाच. फोन केला तर म्हणाला, नवे स्पीकर मोकळे व्हायला आठवडा लागतो. आठवड्याने गेलो तर म्हणाला आता ॲम्प्लिफायर लागेल, नऊ हजार. तिथे मात्र मी गाडी वळवली.

पुढच्या रविवारी मुलगी शेजारी बसली होती. बाई बोलायला लागली तशी म्हणाली, "बाबा, हा फोन कोणाचा येतोय?" स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा रिसीव्हर उमटला होता. बाई गप्प झाली, रिसीव्हर गेला, भजन पुन्हा सुरू. चार महिने ते चिन्ह माझ्या डोळ्यांसमोर उमटत होतं.

झालं होतं असं. जुन्या गाडीत एफएम लावलं की रस्त्याच्या सूचना ऐकू यायच्या नाहीत, म्हणून मित्राने नकाशाच्या ॲपमध्ये 'आवाज ब्लूटूथ फोन कॉलसारखा वाजवा' हा पर्याय चालू करून दिला होता. फोन तोच राहिला, गाडी बदलली. या पर्यायात प्रत्येक सूचनेसाठी फोन गाडीला खोटा कॉल लावतो. तो जोडला जाईपर्यंत पहिले एक-दोन शब्द गिळले जातात. शिवाय कॉलचा आवाज गाण्यापेक्षा बराच अरुंद पट्ट्यात येतो. वरचे स्वर कापले जातात आणि 'स', 'फ' यांसारखी व्यंजनं तिथेच असतात. म्हणून 'लेफ्ट'चा 'ले' व्हायचा. मुलीने तो पर्याय बंद केला, आणि बाई बोलत असतानाच आवाजाचं बटण फिरवून दाखवलं, कारण पुष्कळ गाड्यांत सूचनांचा आवाज वेगळा असतो आणि तो बोलणं चालू असतानाच बदलतो. एक रुपयाही लागला नाही.

तुमच्या गाडीत असं होत असेल तर आधी त्याच स्पीकरवर गाणं लावा. गाणं स्वच्छ असेल तर स्पीकरला हात लावू देऊ नका. मग दुसरा फोन जोडून बघा, केबल लावून बघा. बिघाड खरंच विजेचा असेल तर बहुतेक ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी-उतरणारी शीळ येते, आणि ती गाण्यातही येते.

मला हे कळेपर्यंत दारं उघडून झाली होती. सर्व्हिस सेंटरवाल्याने दाराचं पॅड काढलं तर आत कंपनीचे कनेक्टर छाटलेले, वायरींना काळी चिकटपट्टी, आणि डबीसाठी बारा व्होल्टच्या फ्यूजबॉक्समधून परस्पर जोड घेतलेला. त्याने फोटो काढले आणि शांतपणे सांगितलं की या वायरिंगला आता वॉरंटी लागू नाही. नवीन हार्नेसचे, म्हणजे वायरींच्या जुडग्याचे, पैसे वेगळे. डबी आम्ही त्याच्याच टेबलावर फोडली. दोन वायरी एका बाजूने आत, त्याच दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि वजनासाठी पुट्टीसारखं काहीतरी ओतून वाळवलेलं.

दुकानात जाऊन जुने स्पीकर मागितले. "भंगारात गेले." ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, मग बिलाबद्दल विचारलं. माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढे यूपीआयचे दोन हजार. दुकानदाराचं म्हणणं आलंय की ते सीट कव्हरचे होते.

गाडीला सीट कव्हर नाहीत. त्याचेही फोटो काढून पाठवलेत.