शेवंडीला नांग्या नसतात

३९,९०० रुपये. कोकणातल्या एका खोट्या होडी-सफरीसाठी पाच वेळा, पाच वेगवेगळी कारणं सांगून मागितलेले, आणि पाचही वेळा मी माझ्याच बोटांनी पाठवलेले. कुणी खातं हॅक केलं नाही, कुणी ओटीपी चोरला नाही. पंधरा दिवस मी हे कुठे लिहिलं नव्हतं. आता लिहितोय, कारण ती सफर विकणारं सोशल मीडियावरचं तेच पान नव्या नावाने पुन्हा सुरू झालंय.

बाबा २९ मे रोजी पासष्ट वर्षांचे झाले. ते मूळचे मालवणजवळच्या देवबागच्या बाजूचे. लहानपणी मामांबरोबर होडीत बसून जाळी ओढायला जायचे. वयाच्या अठराव्या वर्षी मुंबईला आले, गिरणीत लागले, गिरणी बंद पडली, मग मिळेल ती नोकरी केली. आयुष्यभर एकच गोष्ट बोलत आले, की एकदा परत होडीतून खडकापर्यंत जायचं, गळ टाकायचा आणि तिथली ताजी शेवंड, म्हणजे आपल्याकडचं लॉबस्टर, खायची. मला त्यांना न सांगता ते घडवून आणायचं होतं. मालवणात आत्या आहे. तिला एक फोन केला असता तर हे सगळं तिथेच थांबलं असतं. पण आत्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, बाबांना लगेच कळलं असतं, म्हणून केला नाही. तुम्ही कोणतंही बुकिंग करण्याआधी त्या गावातल्या एका तरी माणसाला विचारा. गुपित फुटलं तर फुटू द्या.

६ मेला फोनवर एक रील आली. निवतीच्या खडकांपर्यंत छोट्या होडीने सफर, वाटेत गळाने सुरमई आणि तांबोशी, मग खडकापाशी डायव्हिंग करून स्वतःच्या हाताने शेवंडी काढायच्या आणि बेटावरच चूल मांडून जेवायचं. माणशी ४,५०० रुपये. आम्ही सहा जण: मी, बायको, बाबा, ताई, भावोजी आणि भाचा. एकूण २७,०००. मालवणात स्कूबा करून आलेले मित्र आहेत, त्यामुळे असं काही असू शकतं यात मला नवल वाटलं नाही. फोन केला तर पलीकडचा माणूस नम्र, मध्येच ‘खंय’, ‘कित्या’ असे मालवणी शब्द पेरणारा. आपल्या गावचा वाटला. या एका गोष्टीने माझी निम्मी शंका संपवली, आणि तो ती मुद्दाम संपवत होता हे आज कळतंय.

आता ती गोष्ट सांगतो जी मला रात्री झोपू देत नाही.

बुकिंगच्या आधी त्याने शेवंडीचा व्हिडिओ पाठवला. होडीच्या फळीवर एक मोठं लॉबस्टर, काळपट निळं, पुढे दोन जाडजूड नांग्या, आणि त्या नांग्यांना रबर बँड बांधलेले. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. आपल्या कोकणातल्या शेवंडीला नांग्या नसतात. तिला पुढे लांब काटेरी मिशा असतात, त्या हातात टोचतात. मी लहानपणी सुट्टीत गावी गेलो की टोपलीतली शेवंड मिशा धरून उचलायचो आणि आजीचा ओरडा खायचो. हे मला ठाऊक होतं, वाचून नव्हे तर बोटांनी ठाऊक होतं. नांग्यावालं लॉबस्टर थंड समुद्रातलं, तिकडच्या अटलांटिकमधलं. आणि नुकत्याच पाण्यातून काढलेल्या प्राण्याला रबर बँड कोण बांधून ठेवतं?

मला ते खटकलंही होतं. मी त्याला फोनवर विचारलं, ‘शेवंडीला नांग्या असतात का हो?’ तो हसला. म्हणाला, ‘साहेब, बेटावरची जात वेगळी, मोठी. ती बाजारात येतच नाही, म्हणून तुम्ही पाहिली नाहीत.’ आणि मी गप्प बसलो. मुंबईत वाढलेला मुलगा गावच्या माणसाला काय शिकवणार, असं वाटलं. त्या क्षणी फोन ठेवला असता तर एक रुपयाही गेला नव्हता. ८ मेला मी ३,००० रुपये पाठवले.

पुढचं तुम्हाला माहीत असेलच, यांची पद्धत ठरलेली असते. १० मेला १०,५०० घेतले, म्हणजे निम्मी रक्कम पुरी झाली. १७ मेला ‘सरकारी परवानगी आणि विमा’ म्हणून माणशी ६५०, एकूण ३,९००. त्याबरोबर राजमुद्रा आणि गोल शिक्का असलेलं एक पत्र आलं, ज्यात ‘मत्स्य विभग’ असं चुकीचं छापलं होतं. २२ मेला डायव्हिंगच्या साहित्याची अनामत माणशी १,५००, परत मिळणारी, एकूण ९,०००. बाबा पाण्यात उतरणार नाहीत हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तरी त्यांच्याही साहित्याची अनामत घेतली आणि मी दिली. वाटलं, परतच मिळणार आहे. तीन वेळा पैसे पाठवताना स्क्रीनवर तीन वेगळी नावं आली होती. ‘एक आमच्या तांडेलाचं, एक मेव्हण्याचं’ असं उत्तर मिळालं (तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या). पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचा. ते तुमच्यासाठीच दाखवलेलं असतं.

सफरीच्या २९ मे या तारखेबद्दल मला दोष देणारे बरेच भेटले, म्हणून स्पष्ट सांगतो. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते हे मला माहीत होतं. म्हणूनच २९ मे आपण बंदीच्या आधी गाठतोय असं मी धरून चाललो. पण प्रवासी होड्या आणि जलक्रीडा त्याच्याही आधी, साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद होतात, हे मला माहीत नव्हतं. दरवर्षी पेपरात छोटी बातमी येते म्हणे. किनाऱ्यावर न राहणाऱ्या किती जणांना ती तारीख पाठ असते? मेच्या शेवटच्या आठवड्यातली किंवा जून, जुलै, ऑगस्टमधली कोकणातल्या समुद्रातली अशी कोणतीही सफर कुणी विकत असेल तर तो खोटं बोलतोय, एवढं पक्कं समजा.

२८ मेला संध्याकाळी आम्ही मालवणात पोहोचलो. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन. पहाटे साडेपाचला निघायचं, डिझेल आत्ताच भरायचंय, उरलेले १३,५०० पाठवा, नाहीतर तांडेल दुसरी पार्टी घेईल. मी म्हटलं, सकाळी जेटीवर हातात देतो. तर म्हणाला, ‘साहेब, विश्वास नसेल तर राहू द्या.’ शेजारच्या खोलीत बाबा बॅटरी, टोपी आणि जुना गळाचा दोरा काढून बसले होते. ताईने तोवर त्यांना सांगून टाकलं होतं. मी पाठवले.

पहाटे सव्वापाचला आम्ही सहा जण किनाऱ्यावर. वारा सुटलेला, पाणी गढूळ, लाटा मोठ्या. होड्या वाळूत वर ओढून ठेवलेल्या, काहींवर ताडपत्र्या बांधून झालेल्या, काहींवर माडाच्या पात्यांची झापं चढवायचं काम चाललेलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, कुठे निघालात. मी सांगितलं. तो आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘साहेबानू, होडी खंयची? २६ तारखेपासून सगळा बंद.’ सफरवाल्याला लावलेला फोन लागत नव्हता. बाबांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, तो व्हिडिओ पाहिला आणि हळूच म्हणाले, ‘अरे, शेवंडीक डेंगे खंय असतत?’

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या म्हाताऱ्याने आम्हाला घरी नेऊन चहा दिला, पैसे घेतले नाहीत. त्याच्याकडून जे कळलं ते सांगतो, कारण ते आधी कळलं असतं तर पहिला हप्ताच गेला नसता. शेवंड पर्यटकाला बुडी मारून कुणी काढू देत नाही. ती दिवसा खडकाच्या कपारीत दडून बसते आणि रात्री बाहेर पडते, म्हणून कोळी संध्याकाळी खडकाजवळ जाळी लावतात आणि पहाटे उचलतात. पोटाखाली अंडी असलेली मादी जाणता माणूस परत सोडतो. निर्यातीसाठी तर किमान वजनाचा नियमच आहे, जातीप्रमाणे २०० किंवा ३०० ग्रॅम आणि त्यापुढे. त्या रीलमध्ये पुढे एक ‘सोपा पर्याय’ होता, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या खडकांत शेवंडी काढायचा. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे. निवतीचे खडक, म्हणजे जिथे दीपगृह आहे ते वेंगुर्ला रॉक्स, तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत, तिथे कुणी चुली मांडू देत नाही. आणि मासेमारीची होडी ही प्रवासी होडी नसते. प्रवासी न्यायचे तर वेगळा परवाना, तपासणी, लाइफ जॅकेट आणि विमा लागतो. होडीचा प्रवासी परवाना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, मग किनाऱ्यावर उभे असलात तरी.

सकाळी नऊला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. हे रात्रीच केलं असतं तर शेवटचे १३,५०० कदाचित खात्यात अडवता आले असते. संशय आला की त्याच मिनिटाला १९३० लावा, खात्री होईपर्यंत थांबू नका. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच मिळायची आशा असते.

त्यानंतर जे झालं त्याने चोरापेक्षा जास्त संताप आला. जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. दीड तास बसवल्यावर सांगितलं, पैसे तुम्ही तुमच्या घरून पाठवलेत, तक्रार तिकडे करा. मी म्हटलं, १३,५०० तर काल रात्री इथल्याच खोलीतून पाठवलेत, ही बघा वेळ. त्यावर, ‘आरोपी कुठला ते तुम्हाला माहीत आहे का?’ मला माहीत असतं तर मी इथे कशाला आलो असतो? घरी परतल्यावर आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो. तिथे उलट. घटना समुद्रकिनाऱ्यावरची, तिकडे करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला तो नोंदवून घ्यावा लागतो. मी ते कलम छापून नेलं होतं. कागद हातात घेऊन त्या अधिकाऱ्याने विचारलं, ‘तुम्ही वकील आहात का?’ एवढ्या रकमेच्या रोज दहा तक्रारी येतात, हेही ऐकवलं. रोज दहा येतात, तर रोज दहा नोंदवा. चार फेऱ्यांनंतर अर्ज घेतला, गुन्हा नाही. पोच मागितली तर शिक्का मारायला शिपाई जागेवर नव्हता, पाचव्या फेरीत मिळाली.

बँकेने दोन ओळींचं उत्तर पाठवलं, की व्यवहार ग्राहकाने स्वतः केलेले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातलं संरक्षण तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे, फसवून करून घेतलेल्यांना नाही. मान्य. पण ज्या तीन खात्यांत पैसे गेले ती कागदपत्रं तपासूनच उघडली ना? ती कुणाची आहेत हे कुणीतरी एका दुपारात शोधू शकतं. मला ते सांगायला नको, पण शोधायला तर हवं. बंदरावरच्या सरकारी कार्यालयात त्या खोट्या पत्राची प्रत दिली, तर तिथले साहेब म्हणाले, ‘आमचं नाव त्यावर नाही, मग आम्ही काय करणार?’ राजमुद्रा कुणाची आहे मग? पान चालवणाऱ्या कंपनीकडे केलेल्या तक्रारीला उत्तर आलं, की यात नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.

लोक म्हणतात, एवढा शिकलेला असून कसा फसलास. मी अठरा वर्षं हिशेबाचं काम करतो. ऑफिसमध्ये एका बिलावर तीन नावं आली असती तर मी ते परत पाठवलं असतं. पण इथे मी बिल बघत नव्हतो, होडीत बसलेले बाबा बघत होतो. हे समर्थन वाटत असेल तर वाटू द्या, मला तरी असंच घडलं.

आणखी एक. २९ तारखेला दुपारी दुसऱ्या नंबरवरून निरोप आला, ‘हवामानामुळे सफर रद्द, पूर्ण परतावा देत आहोत, हा क्यूआर स्कॅन करा.’ भाच्याने माझा हात धरला. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. असा निरोप फसलेल्यांना बऱ्याचदा जातो, कारण हताश माणूस दुसऱ्यांदा लवकर फसतो.

संध्याकाळी आत्याने बाबांसाठी बांगड्याचं तिखलं केलं. तिने मला एवढंच विचारलं, ‘माका एक फोन कित्या नाय केलंस?’

तक्रारीच्या नंबरपुढे आजही ‘प्रक्रियेत’ असंच दिसतं. काल त्या पानाचं नवं नाव भाच्याने दाखवलं. तारीख १४ जून, माणशी ४,२००, ‘मोजक्याच जागा’. व्हिडिओ तोच आहे, फळीवरचं काळपट निळं लॉबस्टर, नांग्यांना रबर बँड. खाली अकरा जणांनी दर विचारलेत. मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं आणि दहा मिनिटांत मला तिथून काढून टाकलं. त्या अकरांपैकी कुणी हे वाचत असेल आणि पैसे पाठवून झाले असतील, तर आधी १९३० लावा, बाकीचं नंतर वाचा.