धुकं, दलदल आणि खून: काही महिन्यांच्या सलग वाचनानंतर

गेल्या पावसाळ्यापासून रात्री झोपण्याआधी मी फक्त ब्रिटिश रहस्यकादंबऱ्या वाचते आहे, आणि त्यातही जागा आणि हवा यांना मोठं काम असलेल्याच. निवड मुद्दाम केली. नुसतं ‘खुनी कोण?’ एवढंच विचारणारी पुस्तकं कॉलेजात असताना ढीगभर वाचली, त्यातलं आज फारसं काही आठवत नाही. ही मात्र डोक्यातून जात नाहीत. ती का जात नाहीत, कुठलं आधी घ्यावं आणि कुठे दम धरावा लागतो, हे आता नीट सांगता येईल इतकं वाचून झालंय.

मुख्य गोष्ट आधी सांगते. चांगल्या ब्रिटिश रहस्यकादंबरीत वातावरण शोभेला नसतं. ते धुकं, ती भरती, ती दलदल नसती तर गोष्ट तशी घडलीच नसती. तपास करणाऱ्यालाही माणसांइतकीच ती जमीन ओळखावी लागते. म्हणून खुनी कोण हे माहीत असतानाही ही पुस्तकं पुन्हा वाचता येतात, आणि दुसऱ्या वाचनात जास्त आवडतात.

याचा सगळ्यात उत्तम नमुना म्हणजे डोरोथी सेयर्सची १९३४ सालची ‘द नाइन टेलर्स’. ती घडते इंग्लंडच्या पूर्वेला, फेन्स नावाच्या सपाट मुलखात. हा मुलूख मुळात पाणथळ. १७व्या शतकात कॉर्नेलियस व्हर्मायडेन या डच अभियंत्याच्या देखरेखीखाली इथे मोठाले कालवे खणले आणि पाणी समुद्राकडे काढलं. पण पाणी निघालं की इथली काळी माती आक्रसते, जमीन खाली बसत जाते आणि होता होता नद्या शेतांपेक्षा उंचावरून वाहायला लागतात. होम फेन इथे १९व्या शतकाच्या मध्याला जमिनीत पुरलेला लोखंडी खांब आज सुमारे ४ मीटर उघडा पडलाय, यावरून कल्पना यावी. बांध आणि पाण्याची दारं धड राहिली तर गाव राहणार. सेयर्सचे वडील याच भागातल्या चर्चचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाद्री होते, तिचं बालपण ब्लंटिशॅम गावच्या रेक्टरीत, म्हणजे पाद्र्याच्या घरात गेलं. हा मुलूख तिला आतून माहीत होता, हे पानोपानी जाणवतं. एका जागी पाण्याच्या दाराची दुरुस्ती कोणी करायची यावरून अधिकारी मंडळी एकमेकांकडे बोट दाखवतात. पहिल्या वाचनात त्या गावगप्पा वाटतात आणि आपण पान उलटतो. तिथे थांबा, घाई करू नका.

सुरुवात होते वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी. बर्फात सेयर्सचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी याची गाडी रस्त्याकडेच्या चरात जाते, गावचे रेक्टर त्याला घरी आसरा देतात. त्या रात्री चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा सलग नऊ तास वाजवायचा बेत ठरलेला असतो, पण फ्लूच्या साथीत एक वाजवणारा आजारी पडलेला. विम्झीला ती विद्या येते, तो दोर हातात घेतो. १५,८४० फेऱ्या. इंग्लंडमधल्या या प्रकारात घंटांवर धून वाजवत नाहीत. आठ घंटा प्रत्येक फेरीत वेगळ्या क्रमाने वाजतात आणि एकदा आलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही, एवढाच पण कडक नियम. पहिल्यांदा हे सगळं डोक्यावरून गेलं. मग एका संध्याकाळी वही घेऊन सगळ्यात साधी रीत मांडून बघितली: १२३४५६७८, पुढे २१४३६५८७, त्यापुढे २४१६३८५७. शेजारच्या घंटा जोडीजोडीने जागा बदलत सरकतात. एक घंटा एका फेरीत एकाच जागेने का सरकते, हेही मग उलगडलं. मोठ्या घंटेचं वजन टनात असतं आणि ती पूर्ण गोल फिरते, तिचा ठोका थोडासाच अलीकडे-पलीकडे ढकलता येतो. आठ घंटांचे एकूण ४०,३२० क्रम होऊ शकतात. हे वहीत उतरल्यावर ते प्रकरण परत वाचलं तेव्हा मनोऱ्यातला तो गारठा, दोर आणि आठ माणसांची एकाग्रता अंगावर आली. गावात कोणी गेलं तरी याच घंटा ती बातमी देतात: पुरुष असेल तर नऊ ठोके, मग वयाइतके. पुढे वसंतात एक कबर उघडतात, तर आत एक प्रेत जास्तीचं निघतं. याहून पुढचं सांगत नाही. इतकंच म्हणते की घंटा, पाणी आणि खून या तिन्ही गोष्टी शेवटी एकमेकींत इतक्या घट्ट गुंतलेल्या निघतात की त्यातली एकही काढता येत नाही.

आर्थर कॉनन डॉइलची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ बहुतेकांनी लहानपणी संक्षिप्त रूपात वाचलेली असते. पूर्ण वाचा. १९०१-०२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकातून ती क्रमशः आली. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या डार्टमूरचं माळरान, ग्रॅनाइटचे सुळके, पाय टाकला की आत ओढणारी दलदल. कादंबरीतली ग्रिम्पेनची दलदल काल्पनिक आहे, पण तिथल्या प्रिन्सटाउन गावचा तुरुंग खरा आहे. नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच युद्धकैद्यांसाठी तो बांधला होता. मी इंटरनेटवर डार्टमूरचा नकाशा उघडून बाजूला ठेवला होता. होम्सचा सगळा बेत पक्का असतो आणि मग माळावरून धुक्याची भिंत घराकडे सरकायला लागते. इतक्या हुशार माणसाच्या हिशेबात न बसणारी ती एकच गोष्ट! त्या दोन-तीन पानांसाठी मी ही कादंबरी कितीही वेळा काढेन.

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८) हिच्याहून जुनी आणि बरीच जाड. आपल्यासाठी तिची ओढ वेगळी आहे, कारण गोष्टीचं मूळ १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत आहे. एकेकाळी देवाच्या मूर्तीवर असलेला हिरा एक इंग्रज अधिकारी खून पाडून पळवतो, आणि कॉलिन्स ते झाकत नाही, चोरीला चोरीच म्हणतो. १८५७ ला जेमतेम दहा-अकरा वर्षं झालेली असताना इंग्लंडमध्ये हे लिहिलं गेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरची ती वाळूही विसरता येत नाही. भरती-ओहोटीच्या पालटावर तिचा पृष्ठभाग थरथरायला लागतो, आत गेलेली वस्तू परत येत नाही. घरातली एक मोलकरीण बाहेर जायची पाळी आली की तिथे जाऊन बसते. तिचं दुःख आणि ती वाळू हे माझ्या मनात आता वेगळं करता येत नाही.

मार्जरी ॲलिंगहॅमची ‘द टायगर इन द स्मोक’ १९५२ ची. लंडनच्या धुक्यात माणसं एकमेकांना शोधतात आणि चुकवतात, आणि माजी सैनिकांची एक टोळी रस्त्याकडेला वाद्यं वाजवत फिरते. दोन हातांवरचा माणूस दिसत नाही, फक्त वाजवणं ऐकू येतं. त्याच वर्षी ५ ते ९ डिसेंबरला लंडनमध्ये ते कुप्रसिद्ध विषारी धुकं पसरलं. सुरुवातीच्या मोजणीतच सुमारे ४,००० माणसं गेल्याचं दिसलं आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. हे माहीत असलं की कादंबरीतला कोळशाचा धूर वेगळाच वाटतो. रहस्य म्हणून ती सैल आहे, खलनायक लवकर कळतो. तरी वाचाच.

पी. डी. जेम्स या सगळ्यांत गंभीर. त्या गृहखात्यात काम करत होत्या, त्यामुळे पोलीस आणि सरकारी यंत्रणा कशी चालते ते त्यांच्या लिखाणात खोटं वाटत नाही. त्यांची बरीच पुस्तकं आधी जागेतून सुचत. पूर्व किनाऱ्यावर निर्जन पुळणीवर उभ्या असताना त्यांना दूरवर साइझवेलचं अणुवीज केंद्र दिसलं आणि त्यातून ‘डिव्हायसेस अँड डिझायर्स’ (१९८९) निघाली. पवनचक्की, मोडकळीला आलेली जुनी वास्तू आणि अणुभट्टी एकाच भूशिरावर. मात्र खोलीतल्या खुर्च्या-पडद्यांचं वर्णन त्या पानभर करतात. दिवसभराच्या कामानंतर हे झेपत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी घ्यावं.

आता तक्रारी. दोन महायुद्धांमधल्या पुस्तकांत नोकरचाकर बहुतेक वेळा हसवायलाच येतात, आणि ज्यूंबद्दल, परदेशी लोकांबद्दल असे शेरे येतात की मी पुस्तक खाली ठेवलं आहे. काळ तसा होता म्हणून ते सोडून देणं मला जमत नाही. दुसरी अडचण बोलीची. फेन्समधले गावकरी जसं बोलतात तसंच सेयर्स लिहिते, सुरुवातीला ओळ दोनदा वाचावी लागते. ज्यांना पहिल्या दहा पानांत प्रेत हवं असतं त्यांनी ‘मूनस्टोन’च्या वाटेला जाऊ नये, कारण तिच्यात गेला तर आधी हिराच जातो.

ऐकण्यासाठी मात्र ‘मूनस्टोन’ सगळ्यात छान. तिच्यात एकेक पात्र आपापल्या भाषेत हकिकत सांगतं, त्यामुळे स्वयंपाक करताना ऐकायला मजा येते. ‘नाइन टेलर्स’ कानाने घेऊ नका. त्यात घंटांच्या क्रमावर बेतलेली एक सांकेतिक चिठ्ठी आहे, ती डोळ्यांनी बघायलाच हवी. ‘हाउंड’ आणि ‘मूनस्टोन’ यांचे स्वामित्वहक्क संपलेत, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बाकीची जुन्या पुस्तकांच्या दुकानांत धुंडाळावी लागतात.

नव्यातलं काय, असं कोणी विचारलं तर मी ॲन क्लीव्ह्जची शेटलंड मालिका हातात देते. स्कॉटलंडच्याही उत्तरेला असलेली ही बेटं. हिवाळ्यात दिवसाचा उजेड सहा तासही नसतो, उन्हाळ्यात रात्र पुरती काळी होत नाही. क्लीव्ह्ज तरुणपणी फेअर आयलच्या पक्षी-निरीक्षण केंद्रात स्वयंपाकाचं काम करत होत्या, आणि त्यांचा तपास अधिकारी जिमी पेरेझ त्याच बेटाचा. ‘रेव्हन ब्लॅक’ (२००६) नववर्षाच्या रात्री सुरू होते: एकटा म्हातारा मॅग्नस टेट कोणीतरी दारावर येईल म्हणून वाट बघत बसलाय. थोड्याच दिवसांत बर्फात एका मुलीचं प्रेत सापडतं आणि सगळं गाव त्याच्याकडे बघायला लागतं. सगळे सगळ्यांना ओळखतात आणि बेटाबाहेर जायला बोट किंवा विमान. संशय जाणार कुठे? ही मालिका क्रमानेच वाचा: ‘रेव्हन ब्लॅक’, ‘व्हाइट नाइट्स’, ‘रेड बोन्स’, मग ‘ब्लू लाइटनिंग’. चौथ्यात जे घडतं ते आधी कळलं तर पहिल्या तिघांतला पेरेझ तुम्हाला तसा भेटणार नाही. टीव्ही मालिका २०१३ ला सुरू झाली ती ‘रेड बोन्स’ने, म्हणून पुस्तकं आधी, टीव्ही नंतर.