अण्णांची बेंटली जोडायला दिली आणि परत आली ती दुसरीच

घरात ठेवलेलं एखादं जुनं मॉडेल किट (सुटे प्लॅस्टिकचे भाग जोडून छोटी प्रतिकृती बनवायचा संच) कुणाकडून जोडून घ्यायचा विचार असेल, तर त्याआधी हे वाचा. मी ज्या प्रकारे फसलो, तो प्रकार वरवर पाहून कळत नाही. माझ्याही चार आठवड्यांनी लक्षात आला, आणि तोही वडिलांनी जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी करून ठेवलेल्या एका खुणेमुळे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. खडकीला एका कारखान्यात फिटर होते. सदाशिव पेठेतून सायकलने जायचे-यायचे. १९७४ साली काका लंडनहून आला तेव्हा त्याने अण्णांसाठी एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं किट आणलं: १९३० सालची साडेचार लिटर बेंटली मोटारगाडी, १/१२ मापाची. एअरफिक्सने हे किट १९७१ मध्ये काढलं होतं. १/१२ म्हणजे खऱ्या गाडीचा बारावा भाग, म्हणून जोडून झालं की मॉडेल सव्वा फुटाच्या आसपास भरतं. घरात त्या काळी अशी वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. अण्णा रविवारी दुपारी सूचनापत्रक जमिनीवर पसरायचे आणि आम्हा भावंडांना गाडी समजावून सांगायचे. रेडिएटरच्याही पुढे, उघड्यावर बसवलेला तो सुपरचार्जर त्यांना फार आवडायचा. इंजिनात हवा दाबून भरायची म्हणजे तेवढ्याच ४३९८ सीसीमधून जास्त ताकद निघते, हे मला शाळेत शिकवायच्या आधी त्यांनी शिकवलं. शर्यतपटू टिम बर्किनने हट्टाने हा सुपरचार्जर बसवून घेतला, कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना तो मान्य नव्हता, आणि विक्रीसाठी अशा गाड्या पन्नासच बनल्या. हे सगळं मी पुढे वाचलं. अण्णांना मात्र चित्र पाहूनच त्या यंत्राचा स्वभाव कळला होता.

त्यांनी ते किट जोडलं नाही. तेव्हा पुण्यात त्याला लागणारे रंग आणि गोंद सहज मिळत नव्हते. या किटांचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं, ते साध्या गोंदाने धरत नाही. प्लॅस्टिकच थोडं विरघळवून दोन भाग एकजीव करणारं सॉल्व्हंट लागतं. ‘सामान पूर्ण आल्याशिवाय जॉबला हात लावायचा नाही,’ असं ते म्हणायचे आणि सामान कधी पूर्ण आलंच नाही. फक्त एक गोष्ट त्यांनी केली. कारखान्यातल्या सवयीप्रमाणे स्क्रायबर (रेघ कोरायचं टोकदार हत्यार) घेऊन चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, एका लांब दांडीच्या खालच्या बाजूला आपली खूण कोरली: छोटा त्रिकोण आणि शेजारी ७५. त्यांच्या प्रत्येक हत्यारावर तोच त्रिकोण आहे. टायर त्यांनी बटर पेपरमध्ये वेगळे गुंडाळून ठेवले होते. जुन्या किटांतले मऊ व्हायनिलचे टायर वर्षानुवर्षं पॉलिस्टायरीनला टेकून राहिले, तर त्यातलं तेलकट द्रव्य झिरपतं आणि प्लॅस्टिक खातं. हे त्यांना कुणी सांगितलं होतं की अंदाजाने केलं, माहीत नाही. त्यामुळे किट २०२४ पर्यंत माळ्यावरच्या ट्रंकेत जसंच्या तसं राहिलं.

अण्णा १९९८ साली गेले. २०२४ हे त्यांचं जन्मशताब्दीचं वर्ष. त्या वर्षी बेंटली जोडून शोकेसमध्ये ठेवायची, असं मी आणि ताईने ठरवलं. पण माझा उजवा हात थरथरतो आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही तारांच्या चाकांचे आरे रंगवण्याइतकी नजर राहिलेली नाही. एका प्रदर्शनात एका तरुणाची मॉडेल्स पाहिली होती. काम खरोखर सुंदर होतं, आणि त्याच्या हाताबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही. मार्चमध्ये तो घरी आला. पोहे खाल्ले, चहा घेतला, जेवणाच्या टेबलावर सगळं किट मांडलं आणि दोन तास एकेक भाग सूचनापत्रकाशी ताडून पाहिला. सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढले. खोक्याच्या झाकणाचे तर चारही कोपरे टिपले. ‘काका, असं पूर्ण किट आता बघायला मिळत नाही. नीट नोंद ठेवतो,’ म्हणाला. केवढा काळजी घेणारा मुलगा आहे, असं मला वाटलं. मजुरी अठरा हजार ठरली. दहा हजार मी यूपीआयने लगेच पाठवले. पावती मागितली नाही, काय दिलं त्याची यादी केली नाही आणि स्वतः एकही फोटो काढला नाही. अण्णांच्या खुणेबद्दल त्याला सांगायचंही राहून गेलं. एवढी एकच चूक माझ्या उपयोगी पडली.

मग २५ जुलै आला. खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रोडची एकतानगरी बुडाली, ती दृश्यं पुण्यात सगळ्यांनी पाहिली आहेत. तो त्याच भागात राहायचा. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. ‘काका, घरात पाणी शिरलं. तुमचं खोकं आणि सूचनापत्रक गेलं हो, लगदा झाला. पण भाग सगळे वाचवले.’ मीच त्याला धीर दिला. जेवणाचा डबा पाठवू का, असं हिने माझ्याकडून फोन काढून घेऊन विचारलं. त्याच्या घरात खरंच पाणी शिरलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. पण लोकांची आयुष्यभराची चीजवस्तू वाहून गेली त्या पुराचा आडोसा त्याने घेतला, याची चीड मनातून जात नाही.

गौरी-विसर्जनानंतर दोन दिवसांनी त्याने मॉडेल आणून दिलं. गडद हिरवा रंग, बॉनेटवरचे पट्टे, सगळं देखणं. ताईने पाहिलं आणि तिचे डोळे भरले. उरलेले आठ हजार मी त्याच क्षणी दिले. किटातले भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले येतात, त्या भाग काढून झालेल्या रिकाम्या फ्रेम कुठे आहेत, असं सहज विचारलं, तर ‘त्या कचऱ्यात जातात काका’ म्हणाला. हे मी ऐकून घेतलं.

आमच्याकडे दसऱ्याला अण्णांच्या हत्यारांची पूजा होते. कानशी, कॅलिपर, हातोडी, तो स्क्रायबर. या वेळी मध्ये बेंटली ठेवायची होती. पुसायला म्हणून ती उलटी केली आणि दांडीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. रंगाखाली बुजली असेल म्हणून नखाने चाचपलं. स्क्रायबरने कोरलेली रेघ रंगाच्या दोन पातळ थरांनी भरून निघत नाही, हे फिटरच्या मुलाला सांगावं लागत नाही. दुसरी दांडी पाहिली. तिथेही नाही. हातातली फुलं तशीच राहिली.

मॉडेल बनवणारा एक जुना मित्र कोथरूडला राहतो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. त्याने भिंग घेतलं आणि पाच मिनिटांत म्हणाला, ‘हे आधीच कुणीतरी जोडलेलं मॉडेल आहे रे.’ मग एकेक दाखवत गेला. सीटच्या खाचेत हिरव्याखाली लाल रंगाची कड होती. इंजिनाच्या सांध्यावर गोंदाचा जुना ओघळ घासून वर पुट्टी भरलेली होती. एक हेडलॅम्प दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळा होता. गाडीच्या पोटात, कुठे दिसणार नाही अशा जागी, त्याने थिनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवला. हिरवा निघाला, खाली लाल लागला.

म्हणजे झालं होतं ते असं. कुणीतरी पूर्वी लाल रंगात जोडलेली, बहुधा मोडकीतोडकी, बेंटली त्याने कुठूनतरी मिळवली. जुना रंग उतरवता येतो. ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवलं की एनॅमल रंग सुटून येतो, हे मॉडेलवाल्या मंडळींना ठाऊक असतं. तुटलेले भाग बदलले, वरून नवा रंग दिला आणि माझी म्हणून आणून दिली. ज्या कामाला महिने लागतात आणि ज्याचे पैसे मी मोजले, ते काम केलंच नाही. अण्णांचं न जोडलेलं, खोक्यासकट पूर्ण किट त्याच्या हातात मोकळं राहिलं. संग्राहकांच्या बाजारात भाव असतो तो अशाच किटाला: झाकण, पत्रक, डिकॅलचा (मॉडेलवर चिकटवायच्या आकडे-चिन्हांचा) कागद आणि फ्रेममधून न कापलेले भाग. जोडून रंगवलेल्या मॉडेलमधले भाग मूळ कुठल्या किटाचे, हे मालकाला ओळखता येत नाही. या फसवणुकीचा सगळा भरवसा यावरच आहे.

फोन केला तर म्हणाला, ‘काका, तुमचा गैरसमज होतोय. चासी पाण्याने खराब झाली म्हणून दुसरी वापरली.’ जुलैमध्ये भाग सगळे वाचले होते. शिवाय पॉलिस्टायरीनला पाण्याने काही होत नाही. रंग द्यायच्या आधी सगळे भाग साबणाच्या पाण्यात धुवायचेच असतात. खराब होतो तो कागद. तो लगदा दाखव असं जुलैमध्येच म्हटलं असतं, तर तो काय करणार होता? दोन दिवसांनी त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

पुढचा शोध त्या मित्राने घेतला. संग्राहकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुने मेसेज चाळताना त्याला विक्रीचे फोटो सापडले. बेंटलीचं खोकं, झाकणाचे चारही कोपरे. खाली टेबलक्लॉथ दिसत होता, पिवळ्या चौकटींचा, एका बाजूला इस्त्रीचा डाग पडलेला. आमचा टेबलक्लॉथ. मेसेजची तारीख, तो आमच्याकडे पोहे खाऊन गेला त्यानंतर चौथ्या दिवसाची. म्हणजे पुरात भिजलं म्हणून ज्याच्यासाठी मी हळहळलो, ते खोकं पुराच्या कितीतरी आधी विकायला काढलेलं होतं. मॉडेलबद्दल तो माझ्याशी जे काही बोलला, ते सगळं पहिल्या दिवसापासून खोटंच होतं, हे कळल्यावर मी त्या टेबलाशी बराच वेळ बसून राहिलो.

घेणारे गृहस्थ दुसऱ्या गावचे. त्यांनी सोळा हजार दिले होते. माझा फोन गेल्यावर आधी चिडले, आणि ते साहजिक होतं. मी त्यांच्याकडे एवढंच मागितलं की, चासीच्या दांडीची खालची बाजू पाहून फोटो पाठवा. रात्री दहा वाजता फोटो आला. त्रिकोण आणि ७५.

पोलिसांत अर्ज दिला. विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर विकणं हा गुन्हेगारी विश्वासघात होतो. मार्च २०२४ च्या घटनेला जुन्या दंडविधानाची कलमं लागतात, १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेची. पण चौकीत पहिला प्रश्न आला, ‘काय दिलं होतं त्याची पावती कुठे आहे?’ प्रश्न बरोबरच होता. माझ्याकडे यूपीआयच्या दोन नोंदी होत्या, त्याही नुसत्या ‘काम’ एवढ्या शब्दाच्या. नशिबाने विक्रीचे फोटो, टेबलक्लॉथ आणि कोरलेली खूण होती. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार केली आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत फसवणूक झाली तर २०१९ च्या कायद्याने तिथे जाता येतं, तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात. मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. वकील न लावताही बाजू मांडता येते. मी स्वतःच मांडतो आहे.

तुमच्याकडचं किट देणार असाल तर द्यायच्या आधी प्रत्येक फ्रेमचा दोन्ही बाजूंनी फोटो तुम्ही काढा, समोरच्याने काढलेल्या फोटोंवर विसंबू नका. चासी किंवा तळाचा भाग, जो शेवटी बाहेरून दिसतो, त्याच्यावर सुईने बारीकशी खूण करा आणि ती कुठे आहे ते त्याला सांगू नका. खोकं, सूचनापत्रक आणि डिकॅलचा मूळ कागद घरीच ठेवा. जोडणाऱ्याला पत्रकाची झेरॉक्स पुरते. डिकॅल लावायच्या वेळी नेऊन द्या. खोक्याशिवाय आणि पत्रकाशिवाय किटाला गिऱ्हाईक मिळणं अवघड, म्हणून एवढ्यानेच मोह पुष्कळसा कमी होतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रत्येक टप्प्याला रंग द्यायच्या आधीचं, उघड्या प्लॅस्टिकचं काम प्रत्यक्ष जाऊन बघा. रंग चढल्यावर बघून काही कळत नाही. रिकाम्या फ्रेम परत मागा, सगळ्या. तुमचे भाग खरोखर कापले गेले, याचा तो मोठा पुरावा आहे. आणि जो खरा कारागीर आहे त्याला यातल्या कशाचाही राग येत नाही. माझ्या कोथरूडच्या मित्राने तर मला हे सगळं विचारण्याआधीच सांगितलं.

ती हिरवी गाडी आता शोकेसमध्ये नाही. पुरावा म्हणून जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवली आहे. किट विकत घेतलेल्या गृहस्थांनी कळवलंय की निकाल लागेपर्यंत ते एकही भाग फ्रेममधून कापणार नाहीत, आणि टायर त्यांनी पुन्हा बटर पेपरमध्ये वेगळे ठेवले आहेत.