फुग्यातलं तारांगण: चित्रं लई भारी, कॉमेंट्रीनं घोळ घातला

परवा रविवारी पोरीला घेऊन ते फुगवलेल्या तंबूतलं तारांगण बघून आलो, आपल्या सोलापुरातच एका मंगल कार्यालयात लावलंय. तिकीट 120, शो 35 मिनिटांचा, विषय निसर्गातले नमुने आणि विश्वाची रचना. चप्पल बाहेर काढून रांगत आत जायचं, खाली सतरंजी, डोक्यावर गोल छत. पंखा बंद केला की फुगा बसतो म्हणून सतत घूंऽऽ आवाज, त्यात मे महिना, आत चाळीस माणसं, बाकी समजून घ्या.

पण चित्रं खरंच भारी ओ. शनीच्या उत्तर ध्रुवावरचा षटकोन आला तेव्हा पोरगी ओरडलीच, पप्पा मधाचं पोळं! त्याची एकेक बाजू साधारण 14,500 किलोमीटर, म्हणजे आपली अख्खी पृथ्वी एका बाजूपुढं कमी पडते. मग आकाशगंगांचं जाळं, धाग्याधाग्यांनी विणल्यासारखं आणि मधे मोठमोठ्या पोकळ्या, ते छतभर पसरलं तेव्हा मी पण गप झालो.

घोळ कॉमेंट्रीत आहे. सूर्यफूल, शंख, वादळ, आकाशगंगा सगळं एकामागं एक दाखवायचं आणि भरदार आवाजात सांगायचं की सगळ्यात एकच सुवर्ण गुणोत्तर (साधारण 1.618), एकच सूत्र. असं नाही ना बाबा. सूर्यफुलाचं बरोबर आहे, प्रत्येक नवं बी आधीच्यापासून साधारण 137.5 अंश फिरून येतं (पूर्ण फेरा सुवर्ण गुणोत्तरात कापला की हाच कोन) म्हणून मोजल्यावर 34 आणि 55 असे वेढे सापडतात, हे फिबोनाचीचे आकडे: 8, 13, 21, 34, 55, मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा. पण समुद्रातला तो नॉटिलस शंख एका वेढ्यात साधारण तिप्पट वाढतो, सुवर्ण सर्पिलाला (दर पाव वेढ्याला 1.618 पट वाढणारा) जवळजवळ सातपट लागते, मग कुठं जुळलं? आणि फिबोनाचीचे आकडे म्हणे इटलीत सापडले. त्याचं पुस्तक 1202 चं, आपल्याकडं हेमचंद्र ह्या जैन आचार्यानं त्याच्या आधीच कवितेत लघु-गुरू किती प्रकारे मांडता येतील ते मोजताना हेच आकडे लिहून ठेवलेत, त्याचं नाव पण नाही.

आमच्या घरात वडलांची सगळी हयात जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागावर गेली. लहानपणी दुकानात चादर दाखवली की ते आधी उलटी करायचे. पुढून फूल विणलेल्या आणि छापलेल्या दोन्ही चादरींवर सारखंच, पण जकार्डवर विणलेलं असेल तर पाठीमागं तेच फूल रंग उलटे होऊन दिसतं, आणि छापलेलं असेल तर मागं फिकट डाग. ह्या शोमध्ये सगळं पुढूनच दाखवतात. मेंदूच्या पेशींचा फोटो आणि विश्वाचं जाळं शेजारी ठेवून 'बघा, सारखंच!' पण विश्वाचं जाळं गुरुत्वाकर्षणानं झालं, सुरुवातीला कुठं किंचित दाट कुठं किंचित विरळ होतं, दाट होतं तिथं अजून ओढलं गेलं, मेंदूच्या पेशींना ह्यातलं काहीच लागू नाही. पोळ्याचा षटकोन मेण वाचवतो, शनीवरचा वाऱ्याच्या प्रवाहाचा आहे. आणि जाळ्यात जाळं, त्यात अजून जाळं असं अनंतापर्यंत चालतं म्हणाले, तसं पण नाही, अब्जावधी प्रकाशवर्षांच्या मापानं बघितलं तर सगळीकडं सारखंच दिसायला लागतं.

शो संपल्यावर ऑपरेटर पोराला विचारलं, आपल्या काळ्या रानातल्या भेगा का नाही घेतल्या? उन्हाळ्यात शेताकडं गेलात तर पाय अडकतो एवढ्या पडतात. पहिल्यांदा चिखल वाळतो तेव्हा भेगा एकमेकींना काटकोनात मिळतात, पण तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजला-वाळला की कोपरे हळूहळू 120 अंशाकडं सरकतात आणि षटकोन दिसायला लागतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे दगडी खांब पण असेच, तिथं चिखल वाळण्याऐवजी लाव्हा थंड होऊन आक्रसला. हे सारखेपण खरं, कारण मागची बाजू पण सारखी. पोरगा म्हणाला, काका आम्हाला रेकॉर्डेड येतंय, आम्ही फक्त बटण दाबायलोय. त्याचा काय दोष.

अजून एक खटकलं. पुण्याच्या आयुका ह्या खगोल संस्थेच्या लोकांनी 2017 ला सरस्वती हा आकाशगंगांचा महासमूह जाहीर केला, 400 कोटी प्रकाशवर्षं लांब, पसारा 60 कोटी प्रकाशवर्षांचा, ह्याच जाळ्याचा तुकडा आहे तो. मराठी शो आणि त्याचा उल्लेख नाही, कमाल आहे.

पाचपैकी तीन देतो, तिन्ही चित्रांना. जायचं असेल तर सकाळचा पहिला शो धरा, तंबू तापलेला नसतो, आणि मधोमध बसा, कडेला मान मोडते. पोरीनं येताना मंडईत अननस घ्यायला लावला, घरी स्केचपेननं खवले मोजत बसली, एकीकडून 8 आले, दुसरीकडून 13. मग बसली शेजारच्या काकूंच्या दारात, त्यांच्या अननसाची वाट बघत.